अपेक्षाची मांजराची गोष्ट

हेमा साठे कागदावर कुणालाही काहीही पटवून देऊ शकायची. त्याचाच तर तिला पगार होता. कुणी शाळा काढायला निघालं की वरचे लोक विचारतात, "का बाबा? आहेत त्या शाळा कमी पडल्या?" त्या एवढ्याशा "का"चं जाडजूड उत्तर लिहायचं, आकडे आणि पुरावे लावून, वाचणाऱ्याची मान डोललीच पाहिजे असं. या उत्तराला त्यांच्या धंद्यात रॅशनाल म्हणतात. बहरीनमध्ये, मनामाला परीक्षित कर्णिक नावाच्या गृहस्थांची छोटी कंपनी होती, ती विलायतेतल्या मोठ्या कंपन्यांकडून असली कामं घ्यायची. तिथे साहेब लोक दुकान मांडून बसायचे आणि माल इथे हेमाच्या टेबलावर तयार व्हायचा.

त्या वर्षी काम आलं ते स्कॉटलंडचं. पश्चिमेकडच्या एका बेटावर गेलिक माध्यमाची प्राथमिक शाळा काढायची होती. गेलिक म्हणजे त्यांची जुनी भाषा. बेटावर ती बोलणारी म्हातारी माणसं उरली होती, पोरंबाळं सगळी इंग्लिश. आता त्या पोरांना पहिल्या दिवसापासून गणित, चित्रकला, भांडणं, सगळं गेलिकमध्ये शिकवायचं असा बेत. आपल्याकडे पाठीला डबा बांधून पोराला विहिरीत सोडतात ना, तसंच. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेने, अर्थातच विचारलं होतं, का?

शाळेसाठी धडपडणारी बाई होती मोराग. व्हिडिओ कॉलवर यायची ती स्वयंपाकघरातूनच, मागे ओट्यावर खरकटी भांडी तशीच. पहिल्याच कॉलला हेमाने आपलं व्यावसायिक गोड बोलून विचारलं, "तुम्ही स्वतः घरी गेलिक बोलायचात का?"

मोराग हसली. "माझी आई कुत्र्याशी गेलिक बोलायची आणि माझ्याशी इंग्लिश. मला नोकरी लागावी म्हणून. आमच्या कुत्र्याला माझ्यापेक्षा चांगलं गेलिक यायचं."

हेमाही हसली. कॉल संपला, तरी ते हसू काही तोंडावरून जाईना आणि आत मात्र काहीतरी खुपायला लागलं.

जिदहफ्सच्या फ्लॅटवर पोचल्यावर तिने कुकर लावला. शिटी धड होईना, नुसती वाफ फुसफुसायला लागली. "अगं बाई, तुला काय धाड भरलीय आज? पोर भुकेली आहे माझी, वाज की मेले!" हेमा कुकरवर खेकसली.

आतून तिची नऊ वर्षांची लेक आली, स्पृहा. "आई, हू आर यू टॉकिंग टू?"

"नो वन, बेटा. डिनर इन टेन मिनिट्स," हेमा म्हणाली. आणि ओट्याला धरून उभी राहिली. म्हणजे आपल्या घरातलं कुत्रं म्हणजे हा कुकर!

असं का झालं होतं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई चढेल होती. मुळीच नव्हती. स्पृहा बोलायला उशिरा लागली. तीन वर्षांची झाली तरी खुणाच करायची. नर्सरीच्या बाईंनी बोलावून सांगितलं, तुमच्या दोन-दोन भाषांनी पोरीच्या डोक्यात गोंधळ होतो, एक काय ती ठरवा. घाबरलेले आईबाप काय ठरवणार? त्यांनी मराठीचं दार लावून घेतलं. पोर पुढे बोलायला लागली, कदाचित तशीही लागलीच असती. आता तिला मराठी सगळं कळतं, पण बोल म्हटलं की मान खाली घालते. पुण्याच्या आजीचा फोन आला की "हाय आजी, आय ॲम गुड" म्हणते आणि फोन आईकडे देते. आजी नंतर हेमाला विचारते, "बरी आहे ना गं ती? माझ्यावर रागावलीय का?"

आणि ही बाई गेलिकचं रॅशनाल लिहायला बसली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण खरं सांगू का, म्हणूनच ते काम तिला इतकं लागलं. तिने ढिगाने वाचलं. दोन भाषांनी पोराच्या डोक्यात गोंधळ होतो हे नर्सरीवाल्या बाईंचं म्हणणं तिला कुठल्याही अभ्यासात सापडेना. उलटंच सापडत होतं. वाचता वाचता तिला त्या बाईंचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा.

पानं भरत होती, पण परीक्षितच्या शब्दात सांगायचं तर त्यात जीव नव्हता. "डेटा छान आहे हेमा. पण कौन्सिलवर शेतकरी बसलेत, कोळी बसलेत. त्यांना एक पोर दाखव. खरंखुरं."

खरंखुरं पोर तिला तुबलीच्या गॅरेजमध्ये भेटलं.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून हेमाने गाडीचा दरवाजा चेपवून घेतला होता. तुबलीत महादेव परब हा डेंटिंगचा फोरमन, मूळचा मालवणकडचा. हेमाचं आजोळ कणकवलीचं, त्यामुळे पहिल्या भेटीतच त्याने मॅडमना "आमच्याच" करून टाकलं होतं. त्याची बायको सत्यवती आणि पाच वर्षांची मुलगी अपेक्षा त्याच वर्षी गावाहून आली होती. मुलीला शाळेत जागा मिळेना तेव्हा हेमानेच नवऱ्याला सांगून ती मिळवून दिली. तिचा नवरा गौरव तिथल्या एका भारतीय शाळेत अकाउंट्सचा मुख्य होता. तेव्हापासून महादेवाच्या लेखी हेमा म्हणजे साक्षात भवानी. मॅडम म्हणतील ती पूर्व दिशा.

त्या दिवशी शाळा सुरू व्हायला अवकाश होता आणि अपेक्षा बापाबरोबर गॅरेजवरच होती. एका उलट्या टायरवर बसलेली, दोन वेण्या, गुडघ्याला ग्रीस. शेजारी एक भुरकं मांजर. बहरीनला गॅरेज आहे आणि मांजर नाही असं होत नाही.

"काय गो, ह्या मांजर तुझा?" हेमाने आजोळची मालवणी जरा झटकून काढली.

बस्स, नळच सुटला!

"माझा नाय. ता कोणाचाच नाय," अपेक्षा म्हणाली. "काल काय झाला म्हायत हा? ह्या मांजर जावन त्या पांढऱ्या गाडयेच्या इंजनात निजला. बाबान गाडी चालू केल्यान, तशा ता आराडला! बाबा म्हणता, मेल्या, तुका भायर जागा गावली नाय? मगे मी ताका सुकट दाखवलंय, तरी येयना. दूध दाखवलंय, तरी येयना. मगे माका इलो राग. मी म्हटलंय, येवचा नाय तर नको येव, मी जातंय माझ्या घराक! आणि पाठ फिरवन चलाक लागलंय." इथे पोरगी थांबली. हेमाचा चेहरा नीट न्याहाळून घेतला, मॅडम अडकल्यात ना याची खात्री केली. "तशा ता आपसूक भायर इला. माझ्या पाठसून!"

अहो, काय थांबली होती! भल्याभल्या कीर्तनकारांना साधत नाही ती जागा. गॅरेजमधला पत्रा ठोकणारा वकारसुद्धा, ज्याला अक्षर कळलं नव्हतं, हातोडी धरून ऐकत उभा राहिला होता. महादेव लाजून म्हणाला, "तोंड लय हा तिका मॅडम. आजयेर गेला चेडू." म्हणजे पोरगी आजीवर गेली होती.

हेमा गाडीत बसली आणि तिने तिथेच, एसीही न लावता, फोनवर ती गोष्ट टिपून घेतली. मग ऑफिसात जाऊन एक परिच्छेद लिहिला. नाव न घेता. एक पाच वर्षांची मुलगी, घरची भाषा बाजारात कवडीमोलाची, पण त्या भाषेत तिला गोष्ट कुठे सुरू करायची, कुठे अडवायची आणि कुठे सोडायची हे कुणी न शिकवता येतं. का येतं? कारण तिच्याशी घरात माणसं पोटभर बोलली आहेत. जी अर्धीमुर्धी येते त्या भाषेत बोला असं आईबापांना सांगितलं, तर मूल दुसरी भाषा लवकर शिकत नाही, फक्त पहिली गमावतं. म्हणून, हेमाने लिहिलं, शाळा कुठल्याही भाषेची असो, घराला कधीही गप्प करू नये.

मोरागने उत्तर पाठवलं, "मी हे माझ्या आईच्या फोटोला वाचून दाखवलं." कागद कौन्सिलकडे गेला. हेमाला कितीतरी दिवसांनी आपल्या कामाचा अभिमान वाटला. तिने त्या संध्याकाळी स्पृहाला जेवायला मराठीत हाक मारली. स्पृहा दचकून म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड, आई? इज समथिंग राँग?"

आता ऐका पुढे.

परीक्षितने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दुसरी फाईल सरकवली. काम होतं गौरवच्याच शाळेचं. गौरवनेच शब्द टाकून मिळवून दिलेलं. शाळेच्या तपासणीत मुलांचं इंग्लिश कच्चं असा शेरा आला होता, आणि मालकांनी फर्मान काढलं होतं की येत्या सत्रापासून शाळेत तर इंग्लिशच, पण घरीही इंग्लिशच. पालकांनी तसं वचन द्यायचं, सभेत उभं राहून, एका सुरात. त्याचं नाव इंग्लिश होम प्लेज. आणि या सगळ्याचं रॅशनाल हवं होतं, वर पालकांच्या सभेत ते समजावून सांगणारी एक तज्ज्ञ बाईही हवी होती, शक्यतो त्यांच्यातलीच.

"परीक्षित, मी गेल्याच महिन्यात याच्या बरोबर उलटं लिहिलंय," हेमा म्हणाली.

"मग तर सोपंच आहे. अभ्यास झालेला आहे."

"थट्टा करू नकोस. हे खोटं आहे. नुसतं खोटं नाही, यात पोरांचं नुकसान आहे."

परीक्षित तसा वाईट माणूस नव्हता. खुर्ची मागे रेलून म्हणाला, "हे बघ, आपण शिंपी. गिऱ्हाईकाच्या मापाने कापायचं. स्कॉटलंडवाल्यांना डगला हवा होता, यांना लेंगा हवाय. तू कपड्यावर कशाला रडतेस? आणि नाही म्हणायचं असेल तर मला नको सांगू, गौरवला सांग."

हीच तर मेख होती. ती घरी गेली आणि गौरवला म्हणाली, मी हे करणार नाही. गौरवने टीव्ही बंद केला. तो आवाज चढवणाऱ्यातला नव्हता, आणि हेमाला वाटायचं, चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"हेमा, हा फ्लॅट शाळेचा आहे," तो म्हणाला. "आपले व्हिसा शाळेवर आहेत. स्पृहाची सीट शाळेची आहे. तुझं नाव मी चेअरमनसाहेबांना स्वतः सांगितलं. आता मी जाऊन काय सांगू, की बायकोचं मत बदललं?"

"मत नाही रे. ते खरंच चूक आहे. आपण स्पृहाच्या बाबतीत केलं तेच."

"स्पृहाचं काय वाईट झालं? फर्स्ट येते." त्याने रिमोट बाजूला ठेवला. "मी पंचेचाळिशीचा आहे. मला आता दुसरीकडे कोण घेणार? पुण्यात जाऊन काय करू? तू फक्त वाचून दाखव. वाचायला काय जातं?"

हेमाला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आलं की बाई काही करू शकत नाही. तिला एकदा वाटलं, पोरीला घेऊन विमानात बसावं. मग वाटलं, आणि स्पृहाला कुठल्या शाळेत घालणार, कुठल्या भाषेत? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्या घराच्या भिंतीला टेकून रडायचं ती भिंतसुद्धा शाळेची.

तिने रॅशनाल लिहिलं. चांगलं लिहिलं, तेच तर दुर्दैव. वाईट लिहायला गेली तरी तिला जमेना. गेलिकच्या कागदातलीच वाक्यं उलटी करून वापरली, मोजा उलटा करावा तशी. पण मनाशी एक गाठ मारून ठेवली होती. सभेत वाचायचं ते वाचू, पण कुणी प्रश्न विचारलाच, तर खरं सांगायचं. एकानेही विचारलं तर. ही तिची पळवाट होती, आणि ती धरूनच ती सभेच्या दिवसापर्यंत झोपली-जेवली.

सभा गुरुवारी दुपारी झाली. हॉल गच्च. टाय लावलेले बँकवाले पुढे, ड्युटीच्या कपड्यातले मागे. पहिल्या रांगेत चेअरमन, प्रिन्सिपल बाई आणि कडेला गौरव. हेमाने वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. लोक तज्ज्ञांपुढे माना डोलवतातच. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "एनी क्वेश्चन्स?" आणि कुणीच हात वर केला नाही. हेमाला वाटलं, सुटले. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात मागून कुणीतरी उठलं. महादेव होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मांडीवरून अपेक्षाला खाली उतरवत उभा राहिला.

"मॅडम," तो सगळ्यांदेखत मराठीत म्हणाला, "माझा एक विचारणा होता. माझा इंग्लिश म्हणजे गॅरेजपुरता. बायकोला तर तेवढंही नाय. मग आम्ही घरी पोरीशी बोलायचं काय? तुम्ही सांगाल तसा करू."

कुणीतरी फिसकन हसलं. महादेव हसला नाही. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये उत्तर हवं असलेला तो एकटाच माणूस होता, आणि हेमाला ते उत्तर ठाऊक होतं. तिने ते लिहिलं होतं. त्याच्याच पोरीला समोर ठेवून लिहिलं होतं. भरपूर बोला महादेवभाऊ, तुमच्या मालवणीत बोला, इंग्लिश शाळा बघून घेईल. एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं.

तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. चेअरमन घड्याळ बघत होते. गौरव तिच्याकडे बघत होता. त्याने डोळे मोठे केले नाहीत, काही खूण केली नाही. नुसता बघत होता, आणि त्याचा हात टायच्या गाठीवर होता, आवळलेला.

"जेवढं येतं तेवढं बोला, महादेवभाऊ," हेमा म्हणाली. मराठीतच म्हणाली. "मोडकंतोडकं चालेल. सुरुवात केली की सवय होते. पण घरी इंग्लिशच बोला."

"खलास," महादेव खुशीत म्हणाला. "मॅडमनी सांगितला, विषय संपला."

मग सगळ्यांनी उभं राहून प्लेज म्हटली. महादेव मोठ्याने म्हणत होता, शब्द चुकवत, छातीवर हात ठेवून. खाली अपेक्षा त्याचा शर्ट ओढून विचारत होती, "बाबा, ह्या काय म्हणतास?" त्याने तिच्या तोंडावर अलगद बोट ठेवलं. ते हेमाने पाहिलं.

घरी येताना गाडीत गौरव म्हणाला, "थँक यू." त्या दिवसापासून तिने गॅरेजचा रस्ता टाकला. गाडीचं काही निघालं तर अरादच्या एका माणसाकडे न्यायची, उगाच पूल ओलांडून. गौरव म्हणायचा, महादेव बरा होता की. ती म्हणायची, हा स्वस्त आहे. नव्हता.

थंडी पडली, लोक संध्याकाळी बाहेर खुर्च्या टाकून बसायला लागले, आणि एका सकाळी मोरागचा मेल आला. कौन्सिलने मंजुरी दिली होती! मोरागने मेलमध्ये नाचायचंच बाकी ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, तो मांजरवाल्या मुलीचा परिच्छेद आम्ही पहिल्या पानावर घेतोय. एक विनंती आहे. पालकांची पहिली सभा आहे, बरेच जण घाबरलेले आहेत. त्या मुलीच्या आवाजात ती गोष्ट मिळेल का, तिच्या भाषेत? अर्थ नाही कळला तरी चालेल. घरात बोललेली भाषा कशी ऐकू येते ते फक्त त्यांना ऐकवायचंय.

हेमाने मेल दोनदा वाचला आणि तिला एकदम हलकं वाटलं. देवानेच वाट काढली असं वाटलं. रेकॉर्डिंगच्या निमित्ताने जायचं, महादेवाला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. तिथे चेअरमन नाही, गौरव नाही, माइक नाही. एका माणसाला कानात खरं सांगायला कुणाचा व्हिसा जात नाही. इतके दिवस हे सुचलं कसं नाही?

ती तुबलीला पोचली तेव्हा महादेव एका गाडीखाली होता. तिचा आवाज ऐकून बाहेर सरकला, हात पुसत उठला. "वेलकम मॅडम! वेलकम! व्हेरी लाँग टाइम!" आणि मागे वळून, "अपेक्षा! कम! मॅडम कम!"

अपेक्षा आली. उंच झाली होती, युनिफॉर्ममध्ये होती, गुडघे स्वच्छ. हेमासमोर येऊन हात मागे बांधून उभी राहिली.

"गुड आफ्टरनून मॅडम. हाऊ आर यू. आय ॲम फाइन," तिने एका दमात म्हटलं. हेमाने विचारण्याआधीच.

"अगो, किती मोठा झाला चेडू!" हेमा खाली बसली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "माका ती मांजराची गोष्ट सांग बघू. इंजनात निजलेला ना, ता मांजर? मगे काय झाला?"

अपेक्षाने बापाकडे पाहिलं.

"टेल, टेल," महादेव म्हणाला. "कॅट स्टोरी. टेल मॅडम."

अपेक्षाने श्वास घेतला. "कॅट," ती म्हणाली. ओठ हलले, पुढचं काही येईना. गेल्या वेळी गोष्टीत थांबली होती तसं हे थांबणं नव्हतं. "कॅट... इन कार. कॅट कम." परत बापाकडे बघितलं. "फिनिश."

"व्हेरी गुड!" महादेवाने टाळी वाजवली.

"इंग्लिशमध्ये नको गो," हेमा घाईने म्हणाली. "मालवणीत सांग. तेव्हा सांगितलं होतंस तसं. मी पाठ फिरवलंय म्हणालीस, मगे?"

पोरीचं तोंड उघडलं. क्षणभर डोळ्यात ती जुनी चमक आली, हेमाने पाहिली, शपथेवर सांगते. आणि लगेच तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बोटांच्या आडून म्हणाली, "सॉरी मॅडम."

हेमा उठली. "महादेवभाऊ, जरा इकडे या." त्याला कंप्रेसरच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. मी सभेत बोलले ते चूक होतं. खोटं होतं. मला बोलावं लागलं. पोरीशी तुमच्याच भाषेत बोला, सत्यवतीला बोलू द्या, गप्पा मारा, शिव्या द्या, पण गप्प बसू नका. मी हात जोडते. आणि तिने खरंच हात जोडले.

महादेव ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. सगळं संपल्यावर त्याने तिच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालूच होता.

"मॅडम, तुम्ही पण ना!" तो म्हणाला. "शाळेतसून पाठवल्यानी ना? पालकांच्या ग्रुपवर इला होता, घराघरात जावन बघतले म्हणून. आम्ही काय फसणार नाय हां."

"नाही हो, महादेवभाऊ, देवाशपथ—"

"नो, नो." त्याने छातीवर हात ठेवला, सभेत ठेवला होता तसाच. "ओन्ली इंग्लिश. प्रॉमिस इज प्रॉमिस. घरात आता एक शब्द नाय दुसरा. पहिले पहिले लय बोलाची, दिवसभर वटवट. आता बघा, कशी शांत झाली. टीचर पण म्हणता, व्हेरी क्वाएट गर्ल." मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून म्हणाला, "तुम्ही सांगितलात म्हणून झाला ह्या. नायतर आमका कोण सांगणार होता?"

हेमाने पुन्हा तोंड उघडलं. पण कुठली भाषा वापरणार? मराठीत बोलली तर त्याला ती शाळेची परीक्षाच वाटणार, इंग्लिशमध्ये बोलली तर त्याला कळणार नाही. ज्या तोंडाने तिने कुणालाही काहीही पटवलं होतं, ते तोंड या एका माणसापुढे संपलं होतं.

"चहा घेतास?" म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. "टी, मॅडम? टी?"

तिने नको म्हणून मान हलवली आणि गाडीकडे निघाली. बॉनेटवर ते भुरकं मांजर ऊन खात पसरलं होतं. महादेव धावत पुढे आला.

"गे बाये, हयसून उठ गो," तो मांजराच्या मानेखाली खाजवत म्हणाला, मऊ आवाजात, घाई न करता. "मॅडमांका घराक जावचा हा. तुका काय, दिवसभर निजतलं, नि रातचा उंदीर सोडून माझ्या डब्यातली सुकट खातलं. ये, ये, माझ्याकडे ये. असा. शाना माझा ता."

त्याने मांजर उचलून खांद्यावर घेतलं. मग मागे वळून हाक मारली, "अपेक्षा! कम! सिट!"

अपेक्षा टायरवर जाऊन बसली. तिचे डोळे बापाच्या खांद्यावरच्या मांजरावर होते, आणि तो त्याच्याशी काय काय बोलतोय ते ती कान देऊन ऐकत होती.